कारखान्याआधीचा कारखाना : म्युनिकमधील एका पेटंट-अपिलाचा इतिहास

सरकारी कार्यालये अनेक प्रकारची असतात. काही कर गोळा करतात, काही परवाने देतात, काही नुसतेच आकडे जमवतात. या सर्वांत पेटंट कार्यालयाचे काम मला नेहमीच वेगळे वाटत आले आहे. एखाद्या ठरावीक तारखेला जगाला काय ठाऊक होते आणि काय ठाऊक नव्हते, याचा निवाडा या कार्यालयाला करावा लागतो. जमिनीच्या वादात निदान सातबारा असतो, फेरफार नोंदी असतात. ज्ञानाच्या बाबतीत असा उतारा कुठल्याही तलाठ्याकडे मिळत नाही. तो दरवेळी नव्याने तयार करावा लागतो, आणि तोही एका अधिकाऱ्याने, मर्यादित वेळेत, समोर आलेल्या कागदांवरून.

अर्ज दाखल होण्यापूर्वी लोकांना उपलब्ध झालेले जे सर्व ज्ञान, त्याला पेटंटच्या परिभाषेत ‘प्रायर आर्ट’ म्हणतात. या लेखापुरते आपण त्याला ‘पूर्वज्ञात विद्या’ म्हणू. या पूर्वज्ञात विद्येचा प्रश्न एका विशिष्ट क्षेत्रात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटांच्या संगणकीय सिम्युलेशनच्या क्षेत्रात, कसा उभा राहिला आणि युरोपच्या पेटंट-अपील मंडळांनी तो पंधरा वर्षांच्या अंतराने दोनदा कसा हाताळला, याचा हा इतिहास आहे. महाराष्ट्राबाहेर बंगळूर, हैदराबाद, नोएडा किंवा कॅलिफोर्नियात राहणारे माझे काही वाचक चिप-रचनेच्या व्यवसायात आहेत. त्यांना यातील तांत्रिक भाग माझ्यापेक्षा चांगला समजेल. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि व्यवसायाने प्रशासक. मला यात रस आहे तो निर्णयप्रक्रियेचा.

सिम्युलेशनची गरज कशी निर्माण झाली

सर्किट सुट्या भागांचे होते तोवर ते तपासण्याची रीत सोपी होती. लाकडी वा प्लास्टिकच्या फळीवर भाग जोडायचे, मीटर लावायचा, एखादा रोध बदलून पाहायचा. इंटिग्रेटेड सर्किट आल्यावर ही सोय संपली. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेल्या शेकडो घटकांपैकी एक उचलून दुसरा बसवता येत नाही. आणि चूक सापडली तर सगळी घडण पहिल्यापासून करावी लागते. शिवाय फळीवरच्या सुट्या भागांचे वर्तन आणि चिपच्या आतल्या सूक्ष्म भागांचे वर्तन सारखे नसते. म्हणून सर्किटाची समीकरणे मांडून ती संगणकाकडून सोडवून घेणे, म्हणजेच सर्किट घडण्यापूर्वी ते आकड्यांत चालवून पाहणे, ही चैन न राहता गरज झाली.

या इतिहासात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्थान मोठे आहे. प्राध्यापक रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी १९७० च्या सुमारास एक सिम्युलेटर लिहिला आणि १९७१ मध्ये तो ‘कॅन्सर’ या विचित्र नावाने प्रसिद्ध झाला. ते नाव आद्याक्षरांचे होते आणि त्यातील शेवटच्या शब्दांचा अर्थ ‘किरणोत्सर्ग वगळून’ असा होता. त्या काळी अशी साधने बहुधा संरक्षण खात्याच्या पैशावर तयार होत आणि किरणोत्सर्गाचा सर्किटावर होणारा परिणाम त्यांत मोजला जाई. बर्कलीच्या मंडळींनी आपल्या नावातूनच त्या वाटेला नकार दिला. पुढे लॉरेन्स नेगल या विद्यार्थ्याने प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा नवा अवतार सिद्ध केला. तो म्हणजे ‘स्पाइस’. १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत पेडरसन यांनी तो मांडला; १९७५ मध्ये नेगल यांच्या प्रबंधासोबत त्याची दुसरी आवृत्ती आली.

पेडरसन यांचा एक आग्रह या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा प्रोग्रॅम सार्वजनिक राहिला पाहिजे, कोणीही मागितला तर मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. चुंबकीय फितींवरून तो विद्यापीठांत आणि कंपन्यांत पोहोचला. बर्कलीतून शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी तो आपल्याबरोबर उद्योगात घेऊन गेले. पुढच्या काळातील कित्येक व्यापारी सिम्युलेटर याच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत. आज आय. आय. टी. मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून विद्यार्थ्यांना विनामूल्य दिले जाणारे ‘ईसिम’ हे साधन ज्या ‘एनजीस्पाइस’वर उभे आहे, तेही त्याच कुळातले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरात केंद्र उघडले तेव्हा तिथल्या आरंभीच्या कामात चिप-रचनेची संगणकीय साधने तयार करणे हेच होते. म्हणजे आपल्या देशाच्या सॉफ्टवेअर-इतिहासाचे एक पान या विषयाशी जोडलेले आहे.

प्रबंध प्रसिद्ध, प्रोग्रॅमची मूळ संहिता उपलब्ध, वापरणारे असंख्य. अशा क्षेत्रात पेटंट मागणाऱ्याला प्रश्न विचारला जाणारच : तुम्ही नवे काय केले?

आवाजाचे गणित

इन्फिनिऑन टेक्नॉलॉजीज या जर्मन कंपनीने युरोपीय पेटंट कार्यालयात जो अर्ज केला, तो सर्किटातील ‘नॉईज’संबंधी होता. नॉईज म्हणजे विद्युतप्रवाहातील अनियमित थरथर. तिचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील एकाची तीव्रता कंपनसंख्या कमी होत जाते तसतशी वाढत जाते. म्हणून त्याला ‘वन-ओव्हर-एफ’ नॉईज असे नाव पडले. निर्वात नळ्यांचा अभ्यास करताना जे. बी. जॉन्सन यांनी १९२५ मध्ये तो नोंदवला होता. ट्रान्झिस्टर जितका लहान, तितका या थरथरीचा उपद्रव अधिक. त्यामुळे आधुनिक चिपच्या रचनाकाराला तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

हा नॉईज संगणकात उतरवताना एक अडचण येते. साधी यादृच्छिक संख्या काढणे सोपे असते. फासा टाकावा तशी प्रत्येक संख्या आधीच्या संख्येपासून स्वतंत्र असते. वन-ओव्हर-एफ नॉईजला मात्र दीर्घ स्मरणशक्ती असते. आत्ताच्या थरथरीत मागच्या बऱ्याच क्षणांचे अंश मिसळलेले असतात. तेव्हा परस्परांशी ठरावीक नात्याने बांधलेल्या यादृच्छिक संख्यांची माळ तयार करणे हे खरे काम. इन्फिनिऑनच्या अर्जात या नात्यांचा एक तक्ता, म्हणजे सहविचरणाचा मॅट्रिक्स, मांडून त्यातून अशी माळ काढण्याची पद्धत होती. ती माळ सर्किटाच्या समीकरणांना पुरवायची आणि सर्किट कसे वागेल ते पाहायचे.

अशा तक्त्याचे विभाजन करण्याची एक प्रसिद्ध रीत आंद्रे-लुई शोलेस्की या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. जमिनीच्या मोजणीतील समीकरणे सोडवण्यासाठी त्याने ती शोधली. १९१८ मध्ये तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्याची रीत १९२४ मध्ये एका सहकारी अधिकाऱ्याने प्रसिद्ध केली. एका सर्वेक्षण अधिकाऱ्याने सरकारी कामासाठी शोधलेली युक्ती शतकभर सर्वांच्या उपयोगी पडते आणि तिच्यावर कोणाचा मालकीहक्क नसतो. गणिताचे हे सार्वजनिकत्व कायद्याने सर्वत्र जपले आहे. पेच नेमका इथेच सुरू होतो. गणितावर पेटंट नाही. पण गणिताच्या साह्याने चिपची परीक्षा घेणाऱ्या पद्धतीवर द्यावे काय?

कायद्याची चौकट

युरोपीय पेटंट करारावर ५ ऑक्टोबर १९७३ रोजी म्युनिक येथे सह्या झाल्या. त्याच्या बावन्नाव्या कलमात गणिती पद्धती, मानसिक कृतींच्या योजना आणि संगणकाचे प्रोग्रॅम ही ‘केवळ त्या रूपात’ शोध मानू नयेत असे म्हटले आहे. चोपन्नावे कलम पूर्वज्ञात विद्येची व्याख्या फार व्यापक करते. अर्जाच्या तारखेपूर्वी लिखित वा मौखिक वर्णनाने, वापराने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने लोकांना उपलब्ध झालेले सर्व काही तिच्यात येते. भाषेची अट नाही, देशाची अट नाही. छप्पन्नावे कलम सांगते की या विद्येच्या जाणकाराला जे सहज सुचले असते, त्याला कल्पकतेचा दर्जा देता येणार नाही.

ही तीन कलमे स्वतंत्रपणे वाचली तर सोपी वाटतात. अडचण ती एकत्र लावताना येते. अर्जात काही भाग तांत्रिक आणि काही भाग गणिती असेल तर पूर्वज्ञात विद्येशी तुलना कशाची करायची? २००२ मध्ये ‘कॉमविक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्णयात अपील मंडळाने याचे उत्तर दिले. शोधाच्या तांत्रिक स्वरूपाला हातभार लावणारी अंगेच कल्पकतेच्या तराजूत पडतील. बाकीची अंगे, ती कितीही नवी असली तरी, वजनात धरली जाणार नाहीत.

या नियमाचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्याची गणिती रीत जगात कोणालाही ठाऊक नव्हती. तरीही ती ‘तांत्रिक’ नाही असे ठरले की तराजूत उरतो फक्त संगणक. आणि संगणक तर पूर्वज्ञातच. म्हणजे कोणतेही जुने पुस्तक, प्रबंध वा नियतकालिक पुढे न आणता अर्ज फेटाळता येतो. उलट ती रीत तांत्रिक ठरली तर परीक्षकाला खरोखरच ग्रंथालयात जाऊन ती आधी कोणी मांडली होती काय हे शोधावे लागते. कार्यालयाचे श्रम आणि अर्जदाराचे भवितव्य, दोन्ही या एका शब्दावर अवलंबून राहतात.

२००६ : मंडळ अर्जदाराच्या बाजूने

सिम्युलेशनसारख्या प्रकरणांत त्यापूर्वीचा कल सावध होता. १९९४ च्या एका निर्णयात चिपच्या रचनेची पद्धत एकटी नाकारली गेली होती. त्या रचनेनुसार चिप प्रत्यक्ष घडवण्याची पायरी जोडली तेव्हाच मंडळ राजी झाले होते. इन्फिनिऑनच्या अर्जातही परीक्षण विभागाने नकार दिला. ही पद्धत म्हणजे गणित आणि मानसिक कृती, तिच्यातून कोणतीही वस्तू बाहेर पडत नाही, असा त्याचा आशय होता. कंपनी अपिलात गेली. प्रकरणाचा क्रमांक टी १२२७/०५.

१३ डिसेंबर २००६ रोजी अपील मंडळाने तो नकार रद्द ठरवला. वन-ओव्हर-एफ नॉईज असलेल्या सर्किटाचे सिम्युलेशन हा पुरेसा निश्चित असा तांत्रिक हेतू आहे, मात्र पद्धत त्या हेतूपुरती खरोखर मर्यादित केलेली असली पाहिजे, असे मंडळाने म्हटले. त्यामागची कारणमीमांसा अर्थशास्त्राच्या अंगाने मला फार उद्बोधक वाटते. आधुनिक उद्योगात सिम्युलेशन ही उत्पादनाच्या आधीची, पण उत्पादनाचाच भाग असलेली पायरी आहे. कागद-पेन्सिलीने वा मनातल्या मनात हे भाकीत करता येत नाही. सर्किट घडवण्यापूर्वीच ते चालेल की नाही हे कळल्याने वाया जाणारी घडण वाचते. तेव्हा अंतिम वस्तू अजून हातात आली नाही एवढ्यावरून या पद्धतीला अतांत्रिक म्हणता येणार नाही. थोडक्यात, मंडळाने कारखान्याची भिंत रचनाकाराच्या टेबलापर्यंत सरकवली.

त्याचबरोबर एका मोहाला मंडळाने आवर घातला. एक गणिती रीत दुसरीपेक्षा वेगवान आहे, एवढ्याने ती तांत्रिक होत नाही. कारण तुलनेला पुरेशी मंद रीत नेहमीच सापडते. हा भाग निर्णयाच्या चर्चेत अनेकदा मागे पडला.

निर्णयाचा प्रभाव मोठा होता. पुढे अनेक अर्जदारांनी त्याचा आधार घेतला. सर्किटांसाठी जे मान्य झाले ते इमारती, यंत्रे, वाहने यांच्या सिम्युलेशनसाठी का मान्य होऊ नये, असा युक्तिवाद सुरू झाला. विशिष्ट प्रसंगात दिलेला निर्णय हळूहळू सर्वसाधारण सूत्र म्हणून वापरला जाऊ लागला. प्रशासनात हे आपण रोज पाहतो. एखाद्या फाइलवर विशिष्ट परिस्थितीत दिलेला शेरा ‘पूर्वोदाहरण’ म्हणून फिरू लागतो, आणि तो कोणत्या परिस्थितीत दिला होता हे कोणी विचारत नाही.

२०२१ : सूत्राला मर्यादा

पुढचे प्रकरण सर्किटांचे नव्हते. इमारतीत माणसांची गर्दी कशी हालचाल करेल याच्या सिम्युलेशनचे होते. रेल्वे स्थानकासारख्या जागेची रचना करताना अशा अभ्यासाचा उपयोग होतो. परीक्षण विभागाने नकार दिला आणि अर्जदाराने टी १२२७/०५ पुढे केला. अपील मंडळाला मात्र त्या निर्णयाबद्दलच शंका होती. पादचाऱ्यांचे काल्पनिक वर्तन मोजणे आणि प्रत्यक्ष भौतिक जगावर काही परिणाम घडवणे यांत थेट दुवा हवा, असे त्याचे मत पडत होते. पण तसे ठरवले तर आधीच्या निर्णयापासून दूर जावे लागणार होते. म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये मंडळाने प्रश्न विस्तारित अपील मंडळाकडे पाठवला. भिन्न मत असलेल्या पीठाने जुना निर्णय परस्पर बाजूला न सारता तो मोठ्या पीठाकडे नेणे, हा शिष्टाचार आपल्याकडील न्यायाधिकरणांनीही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१५ जुलै २०२० रोजी, महासाथीच्या दिवसांत, सुनावणी झाली आणि तिचे थेट प्रक्षेपण झाले. १० मार्च २०२१ रोजी जी १/१९ हा निर्णय आला. विस्तारित मंडळाने दोन टोके टाळली. सिम्युलेशनला वेगळी वागणूक नाही. संगणकावर चालणाऱ्या इतर कोणत्याही शोधासारखीच त्याची कसोटी कॉमविकच्या रीतीने घ्यायची, आणि भौतिक जगाशी थेट दुवा ही सर्वत्र लागू होणारी पूर्वअट नाही. मात्र सिम्युलेशन ज्या वस्तूचे आहे ती वस्तू तांत्रिक तत्त्वांवर चालते, एवढ्याने सिम्युलेशनला तांत्रिकपणा येत नाही. इन्फिनिऑन प्रकरणातील सूत्र त्या प्रकरणाच्या विशेष परिस्थितीतून आले होते, ते सार्वत्रिक निकष म्हणून वापरू नये, असेही मंडळाने स्पष्ट केले. त्यानंतर पादचाऱ्यांच्या प्रकरणातील अपील फेटाळले गेले.

यामागची चिंता समजण्यासारखी आहे. नुसत्या आकड्यांच्या पातळीवर पेटंट दिले, तर ते आकडे ज्या ज्या कामासाठी वापरता येतील त्या सर्वांवर मक्तेदारी पसरते. संशोधन, अध्यापन, नगररचना, सर्वच त्याच्या कक्षेत येऊ शकते. दुसऱ्या बाजूने, प्रत्यक्ष सिलिकॉनला हात लावणाऱ्यालाच संरक्षण द्यायचे म्हटले, तर ज्यांचे सर्व कर्तृत्व रचनेच्या टप्प्यावर आहे त्यांना काहीच मिळत नाही. आणि आज कित्येक चिप-कंपन्यांकडे स्वतःचा कारखाना नसतो. रचना त्यांची, घडण दुसऱ्याची. वाद असा दोन रास्त हितांमधला आहे.

आपला कायदा

भारतातील पहिला पेटंट-कायदा १८५६ चा. स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समिती आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल यांतून १९७० चा कायदा घडला. त्याच्या तिसऱ्या कलमाचे ‘के’ हे उपकलम २००२ च्या दुरुस्तीने आले आणि २० मे २००३ पासून अमलात आले. गणिती वा व्यावसायिक पद्धती, ‘केवळ संगणक प्रोग्रॅम’ आणि अल्गोरिदम हे शोध नव्हेत, असे ते सांगते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोजन आणि हार्डवेअरशी जोड असलेले प्रोग्रॅम या निषेधातून बाहेर काढले होते. २००५ च्या अधिनियमात संसदेने ती सवलत ठेवली नाही. त्यानंतर कार्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे २०१५ मध्ये निघाली, त्याच वर्षी स्थगित झाली, २०१६ मध्ये नवी आली आणि २०१७ मध्ये पुन्हा बदलली. परीक्षकाने कोणत्या पुस्तिकेप्रमाणे चालावे हाच प्रश्न पडावा, अशी ती तीन वर्षे होती.

दिल्ली उच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले की प्रोग्रॅमवर आधारित प्रत्येक शोध नाकारायचा नाही. तांत्रिक परिणाम वा तांत्रिक योगदान आहे काय हे पाहायचे. निर्णय योग्य दिशेचा होता. परंतु त्या अर्जदाराला पेटंट देण्याचा आदेश अपिलीय मंडळाकडून २०२० मध्ये निघाला, तोवर त्या पेटंटच्या वीस वर्षांच्या मुदतीतील बहुतेक काळ उलटून गेला होता. मक्तेदारी हे मुदतीचे माप आहे. मुदत संपत आल्यावर दिलेला न्याय म्हणजे पीक वाहून गेल्यावर सोडलेले धरणाचे पाणी.

अपिलीय यंत्रणेच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच उभा राहिला. युरोपात विस्तारित अपील मंडळाचे अध्यक्ष एकाच वेळी कार्यालयाच्या प्रशासनात उपाध्यक्षही असत. २०१४ च्या एका निर्णयात या दुहेरी भूमिकेमुळे पक्षपाताची आशंका रास्त ठरवली गेली. २०१६ मध्ये रचना बदलली आणि मंडळांना वेगळा प्रमुख मिळाला. आपल्याकडे बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ २००३ मध्ये चेन्नईत स्थापन झाले. पेटंटची अपिले २००७ मध्ये त्याच्याकडे आली. त्याच्या नियुक्त्यांसंबंधीच्या काही तरतुदी २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त होऊन अपिले उच्च न्यायालयांकडे गेली. दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांनी त्यासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केले. एका ठिकाणी संस्था दुरुस्त केली गेली, दुसऱ्या ठिकाणी मिटवली गेली. दोन्ही मार्गांना समर्थन देता येईल. पण तज्ज्ञतेची जी साठवण मंडळाच्या पीठांवर हळूहळू होत असते, ती मिटवलेल्या संस्थेबरोबर बरीचशी जाते, हे विसरता येत नाही.

उतारा कोणी लिहायचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वज्ञात विद्या शोधायची तर ती कुठेतरी नोंदलेली असली पाहिजे. मराठी वाचकांना याचे सर्वांत परिचित उदाहरण हळदीचे. जखमेवर हळद लावण्यासंबंधी अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने फेरतपासणीचा अर्ज केला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तिच्यातील प्रशासकीय धडा मात्र क्वचितच सांगितला जातो. घराघरांतील आज्यांचे ज्ञान त्या काळच्या अमेरिकी कायद्यापुढे पुरावा ठरत नव्हते, कारण परदेशातील नुसता वापर तिथे पूर्वज्ञात विद्येत मोडत नसे. छापील वर्णन लागे. तो भेद अमेरिकेने मार्च २०१३ पासून काढून टाकला. हळदीचा खटला जिंकला तो ग्रंथ आणि शोधनिबंध शोधून, भाषांतरे करून, क्रमाने मांडणाऱ्या माणसांच्या चिकाटीमुळे. २००१ मध्ये सुरू झालेले पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय हे त्या चिकाटीला दिलेले संस्थात्मक रूप आहे.

सर्किट सिम्युलेशनच्या क्षेत्रात हेच काम पेडरसन यांच्या औदार्याने आपोआप झाले. प्रोग्रॅम खुला, प्रबंध खुला, चुका आणि सुधारणा खुल्या. त्यामुळे पुढे कोणी जुन्याच रीतीवर हक्क सांगू लागला, तर विरोध करणाऱ्याला दाखवायला काहीतरी होते. जे ज्ञान एखाद्या कंपनीच्या कपाटात गोपनीय म्हणून पडून राहते, ते लोकांना उपलब्ध झालेले नसल्याने पूर्वज्ञात विद्याच ठरत नाही. दुसरा कोणी स्वतंत्रपणे तेच शोधून पेटंट घेऊ शकतो. अर्थशास्त्रात केनेथ अॅरो यांनी १९६२ च्या निबंधात दाखवले की ज्ञान ही विचित्र वस्तू आहे : खरीदण्यापूर्वी तिची किंमत कळत नाही आणि कळली की ती मिळालेलीच असते. पेटंट ही त्यावरची एक तडजोड. ज्ञान उघड करा, त्या बदल्यात काही वर्षांची मक्तेदारी घ्या. या सौद्यात सरकार जनतेच्या वतीने खरेदीदार असते. जनतेकडे आधीपासून असलेली वस्तू तिलाच पुन्हा विकली जाऊ नये, एवढी दक्षता खरेदीदाराने घ्यायलाच हवी.

म्हणून ‘तांत्रिक’ या शब्दाच्या अर्थावरील सर्व ऊहापोह वाचल्यावर मला एक गोष्ट राहून राहून जाणवते. निकष हे दार आहे. पण दाराआडची खरी कसोटी शोधकार्याची असते. निकष कडक केला की परीक्षकाचे ग्रंथालयात जाण्याचे श्रम वाचतात, आणि सैल केला की ते वाढतात. ज्या कार्यालयाकडे पुरेसे परीक्षक, चांगले ग्रंथसंग्रह आणि वेळ नाही, त्याला दार लावून घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आपल्या देशात चिप-उद्योगाला मोठ्या प्रमाणावर चालना देण्याचे धोरण २०२१ पासून राबवले जात आहे. त्यासाठीच्या चर्चेत कारखाने, जमीन, वीज आणि पाणी यांना प्राधान्य मिळते, आणि ते मिळायलाच हवे. परंतु कारखान्याआधीचा जो कारखाना रचनाकाराच्या टेबलावर असतो, त्याच्या हक्कांचा निवाडा करणारे परीक्षक, त्यांचे प्रशिक्षण आणि आपल्या विद्यापीठांतील प्रबंधांची शोधता येईल अशी सूची, यांवरचा खर्च त्या मानाने अगदी किरकोळ आहे.

महाविद्यालयांच्या तळघरांत धूळ खात पडलेले प्रबंध हा देखील आपला सातबारा आहे. तो कोणी तरी नीट उतरवून ठेवायला हवा.